साहेबांनी बोलावलंय: चौकशी, अटक आणि मारहाण यांत सापडलेल्यांसाठी

पत्रं वेगवेगळ्या तालुक्यांतून येतात, पण मजकूर जवळपास एकच असतो. संध्याकाळी दोन पोलीस घरी आले. ‘साहेबांनी बोलावलंय, तासाभरात सोडतो’ म्हणाले. मुलगा पायात चप्पल सरकवून त्यांच्याबरोबर गेला. रात्री अकराला आम्ही ठाण्यात गेलो, तर ठाणे अंमलदार म्हणाले, चौकशी चालू आहे, सकाळी या. सकाळी तो बाहेर आला तेव्हा त्याला पाय टेकवत नव्हता. आता आम्ही काय करायचं?

मी उलट विचारतो: त्याला अटक झाली होती का? बहुतेकांना हे सांगता येत नाही. कुणी म्हणतं, हो. कुणी म्हणतं, नुसतं बसवून ठेवलं होतं. सगळा घोळ इथेच आहे. अटकेची नोंद झाली की नातेवाइकांना कळवावं लागतं, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते, न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. माणूस मार खातो तो बहुधा या नोंदीच्या आधी, बेवारस तासांत. म्हणून खाली जे काही सांगतो आहे त्याचं सार एवढंच, की हे तास बेवारस राहू देऊ नका. माणूस किती वाजता, कुणी, कुठून नेला, हे ठाण्याच्या बाहेरच्या एखाद्या कागदावर तातडीने आणा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि कलमांचे आकडे बदलले. गावात आणि ठाण्यातही अजून जुनेच आकडे तोंडात आहेत, म्हणून जिथे गरज आहे तिथे दोन्ही देतो. या लेखात नुसतं ‘संहिता’ म्हटलं तर ही नवी संहिता समजा.

पोलिसांना हात उचलता येतो तो कधी?

अटक करताना माणूस झटापट करू लागला किंवा पळू लागला, तर त्याला धरण्यापुरतं बळ वापरता येतं (संहितेचं कलम ४३). तो ताब्यात आला की हा अधिकार संपतो. कलम ४६ सांगतं की पळून जाऊ नये याला जेवढं लागेल तेवढंच बंधन, त्याहून जास्त नाही. म्हणजे खुर्चीवर बसलेल्या, कोठडीत असलेल्या किंवा हात बांधलेल्या माणसावर पट्टा चालवायला कायद्यात कुठेही जागा नाही. गुन्हा कितीही घृणास्पद असला तरी नाही.

कबुली मिळवण्यासाठी दुखापत करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार त्याला ७ वर्षांपर्यंत आणि दुखापत गंभीर असेल तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यात पोलिसाला सूट नाही.

बेड्यांबद्दलही वारंवार विचारणा होते. कलम ४३ मध्ये बेड्या कुणाला घालता येतील याची यादी आहे: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांतला आरोपी. बांधाच्या भांडणात धरलेला शेतकरी या यादीत बसत नाही. आरोपीची भर बाजारातून धिंड काढण्याचा अधिकार तर कोणत्याच कलमात नाही. अशा धिंडीचे व्हिडिओ लोक कौतुकाने पुढे पाठवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाचा खटला अजून उभाही राहिलेला नसतो.

बोलावणं आलं तर आधी ते कसलं आहे ते ओळखा

- साक्षीदार म्हणून (कलम १७९). हे बोलावणं लेखी असावं लागतं. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तिथे येऊन घ्यायचा असतो. स्वतःहून जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.
- संशयित म्हणून (कलम ३५(३), जुनी ‘४१अ’ ची नोटीस). ही नोटीस मिळाली आणि तुम्ही दिलेल्या दिवशी हजर राहिलात, तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात तुम्हाला अटक करता येत नाही. म्हणून ही नोटीस टाळू नका, तिच्यात तुमचंच संरक्षण आहे. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तरीही मोबाइलवर आली तर गप्प बसू नका. ‘नोटीस प्रत्यक्ष मिळावी, मी हजर राहायला तयार आहे’ असं लेखी कळवा.
- प्रतिबंधक कारवाई. जुनी ‘१४९ ची नोटीस’ आता कलम १६८, ‘१०७’ म्हणजे आपली चॅप्टर केस आता १२६ आणि ‘१५१’ ची उचल आता १७०. यांत तुम्ही गुन्हा केला असं कुणी म्हणत नाही. शांतताभंग होऊ नये म्हणून ही कारवाई असते. चॅप्टर केसची नोटीस आली तर तारखेला हजर राहा, कारण गैरहजेरीमुळेच ती पुढे डोकं वर काढते.
- नुसता फोन किंवा तोंडी निरोप. सगळ्यांत जास्त पत्रं याच बोलावण्याबद्दल असतात. उद्धटपणे नकार देऊ नका. कोणत्या प्रकरणात, कोणत्या अधिकाऱ्याने बोलावलं ते विचारा आणि लेखी नोटीस मागा. जायचं ठरवलंत तर एकटे जाऊ नका. निघण्यापूर्वी घरच्यांना आणि वकिलांना ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ असा संदेश पाठवा. मोबाइलवरच्या त्या संदेशाची वेळ पुढे कोर्टात तुमच्या बाजूने बोलते.

घरातल्या माणसाला घेऊन चालले आहेत

अशा वेळी डोकं ठिकाणावर ठेवणं अवघड असतं, म्हणून क्रमाने सांगतो.

१. अडवू नका, हात धरू नका, लाठी ओढू नका. सरकारी कामात अडथळ्याचं कलम (जुनं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२) तिथल्या तिथे लागतं आणि एका आरोपीच्या जागी तीन होतात.
२. नाव विचारा. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी हवी, हे कलम ३६ चं बंधन आहे. साध्या वेशातले असतील तर ओळखपत्र मागा. कुठल्या ठाण्यात नेत आहेत ते विचारा, गाडीचा क्रमांक टिपा.
३. अटक असेल तर अटक पंचनामा मागा. त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित अशा निदान एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही लागते. सही करण्यापूर्वी त्यातली तारीख आणि वेळ वाचा. दुपारी चारला नेलं आणि कागदावर रात्री दहा लिहिलं असेल, तर सहीखाली ‘प्रत्यक्षात दुपारी चारला नेलं’ असं स्वतःच्या हाताने लिहा.
४. अटकेची कारणं लेखी मागा. प्रत्येक गुन्ह्यात ती आरोपीला कळेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत आणि रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी मिळाली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईतल्याच एका प्रकरणात ठरवलं.
५. ‘अटक नाही, चौकशी आहे’ असं उत्तर मिळालं, तर ११२ ला फोन लावा आणि जे घडलं ते सांगा. फोनची नोंद होते. मग या लेखाच्या शेवटी दिलेला अर्ज पोलीस अधीक्षकांना ईमेलने पाठवा. शहरात असाल तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा.

पाचवी पायरी महत्त्वाची का, ते सांगतो. अटक झालेल्याला २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. ही मुदत कागदावरच्या अटकेपासून मोजायची की माणसाला अडकवलं तेव्हापासून? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलं आहे की माणसाचं स्वातंत्र्य रोखलं त्या क्षणी अटक सुरू होते, मग अधिकारी तिला चौकशी म्हणोत की आणखी काही. पण तो क्षण कोणता हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. रात्री ९ वाजून १० मिनिटांनी गेलेला ईमेल ते दाखवतो. ‘आम्ही रात्रभर बाहेर बसलो होतो’ हे तोंडी सांगणं दाखवू शकत नाही.

प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असतो. अटक झालेल्यांची नावं आणि गुन्ह्याचं स्वरूप तिथे आणि ठाण्यात दिसेल असं लावणं कलम ३७ नुसार बंधनकारक आहे. माणूस कुठे आहे ते कळत नसेल तर तिथे विचारा. कुठेच पत्ता लागत नसेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका करता येते. मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि गोवा यांखेरीज ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही न्यायालय बसतं, त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातल्या घरांना मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

ठाण्याच्या आत

कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे कायद्यातच आहे (कलम १८१). पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही (भारतीय साक्ष अधिनियम, कलम २३). मार खाणाऱ्याला हे ठाऊक असेल तर त्याला थोडा धीर येतो: मार चुकवायला ‘हो’ म्हटलं म्हणून शिक्षा होत नाही. मात्र त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग वापरला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

चौकशीदरम्यान वकिलांना भेटण्याचा हक्क आहे (कलम ३८). ते पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाहीत, पण भेट नाकारता येत नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक लावा किंवा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

ठाण्यात मोबाइलवर चित्रण केलं म्हणून ‘शासकीय गुपितं कायद्या’खाली अडकवू, अशी धमकी मिळाल्याचं अनेकांनी लिहिलं आहे. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला. तरी माझा सल्ला असा, की फोन अधिकाऱ्याच्या तोंडासमोर नाचवू नका. त्याने वातावरण तापतं आणि त्याचा ताप आत बसलेल्याला होतो.

दोन मिनिटांचे दोन प्रसंग

माझ्या मते सगळं प्रकरण या दोन प्रसंगांवर तरतं किंवा बुडतं, आणि दोन्ही ठिकाणी आपली माणसं गप्प राहतात.

पहिला प्रसंग सरकारी दवाखान्यातला. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करावीच लागते (कलम ५३). अंगावर जखमा असतील तर त्या आणि त्या साधारण कधी झाल्या असाव्यात हे डॉक्टरांनी लिहायचं असतं. अहवालाची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्याला मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं? शेजारी पोलीस उभा असतो, डॉक्टर मान वर न करता विचारतात, ‘काही त्रास?’ आणि माणूस म्हणतो, ‘नाही.’ झालं. पुढे कितीही तक्रारी करा, तो ‘नाही’ आडवा येतो. म्हणून आधीच सांगून ठेवा: डॉक्टरांना जागा दाखवायची. तळपाय, मांड्यांची मागची बाजू, कानशील. तळपायावरचा मार वरवर दिसत नाही, दाखवल्याशिवाय तो लिहिला जात नाही. पोलिसाला बाहेर थांबवावं, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. कोठडी वाढली तर दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, हे डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांपैकी एक आहे. तशी तपासणी झाली का, ते वकिलांना विचारायला सांगा.

दुसरा प्रसंग न्यायाधीशांपुढचा. रिमांडच्या वेळी ते विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न उपचार म्हणून विचारला जातो असं वाटतं, पण नऊ-दहा शब्दांचं खरं उत्तर इथे सगळी दिशा बदलू शकतं: ‘आहे. काल रात्री मला पट्ट्याने मारलं. तपासणी करून हवी.’ हे शब्द त्या दिवशीच्या नोंदीत आले की पुढची तपासणी न्यायालयाच्या हुकमाने होते. भीती कसली असते ते मला कळतं. पुन्हा पोलीस कोठडी मिळाली तर त्याच माणसांच्या हाती परत जायचं असतं. तरीही, ज्याची तक्रार नोंदवली गेली आहे त्याच्यावर पुन्हा हात टाकताना मारणारा दहादा विचार करतो, आणि जो गप्प राहिला त्याच्याबाबतीत त्याला काहीच विचार करावा लागत नाही. नातेवाइकांनो, तारखेला कोर्टात हजर राहा. तुमचा चेहरा दिसला की आतल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटतो. वकिलांना आधीच सांगा, म्हणजे न्यायाधीशांनी प्रश्न विचारला नाही तरी ते स्वतः उठून सांगतील.

सुटल्यावर: तक्रार कुठे करायची

आधी दवाखाना, मग तक्रार. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून घ्या. कुणी, कुठे, कशाने मारलं हे सांगा. जखमांचे फोटो तीन-चार दिवस रोज काढा, कारण वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त स्पष्ट दिसतात. रक्त लागलेले कपडे धुऊ नका.

तक्रारीचे रस्ते अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे:

- मारणाऱ्यावर गुन्हा नोंदवायचा असेल तर ठाण्यात तक्रार द्या. तिथे नोंदवणार नाहीत, हे गृहीत धरूनही द्या आणि पोच घ्या. मग टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा (कलम १७३(४)). तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली अर्ज करा. सरकारी नोकराविरुद्ध असल्याने न्यायाधीश आधी वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात, त्याने घाबरू नका. टपालाच्या पावत्या जपा, आधीच्या दोन पायऱ्या केल्याचा पुरावा त्याच असतात.
- नुकसानभरपाई आणि चौकशी हवी असेल तर मुंबईतला राज्य मानवी हक्क आयोग किंवा दिल्लीतला राष्ट्रीय आयोग. वकील लागत नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार व्हायला हवी. दोन्हीकडे एकाच वेळी करू नका.
- खात्यांतर्गत कारवाई हवी असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग खटल्यातल्या २००६ च्या निकालानंतर ही प्राधिकरणं आली, महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. गोव्यातही असं प्राधिकरण आहे.
- पैसे मागितले असतील तर १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यानंतर सापळा लावता येत नाही.

सीसीटीव्ही: इथे घाई करा

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सगळ्या जागी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला हवं. पण ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ हे उत्तर सर्रास मिळतं. म्हणून सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच ठाणे प्रभारी आणि अधीक्षक यांना लिहा: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं. माहिती अधिकारातही मागा. प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, हे अर्जात ठळक लिहा.

स्त्रिया, मुलं, ज्येष्ठ

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवादाची परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. झडती स्त्रीनेच घ्यायची. १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. म्हणून जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला हाताशी ठेवा. साठीपुढच्या किंवा अशक्त माणसाला ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

जिथे लोक फसतात

‘ठाण्यात ओळख आहे’ म्हणणाऱ्याला मध्ये घेतलंत की लेखी काहीच उरत नाही, कारण त्याचं सगळं कामच तोंडी असतं. ‘मिटवून घ्या, पोराच्या नोकरीचं बघा’ असा सल्ला जवळचे मामा-काकाही देतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. मिटवायचं की नाही हे तुम्ही नंतर ठरवू शकता, पण दवाखान्यातली नोंद नंतर होत नाही. ती आधी करून घ्या.

तक्रारीत अतिशयोक्ती करू नका. दोघांनी मारलं असेल तर सहा नावं घालू नका. वैद्यकीय अहवाल आणि तक्रार जुळली नाही, की खरा मारही खोटा ठरतो.

कोठडीत मृत्यू झाला तर

अशा घरांना मी काय सांगावं? पण नेमक्या याच वेळी काही गोष्टी हातातून निसटतात. कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करणं सक्तीचं आहे आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचं आहे. शवविच्छेदनाचं चित्रण मागा, अहवालाची प्रत मागा, शंका असेल तर अंत्यविधीपूर्वी दुसऱ्या शवविच्छेदनाचा अर्ज करा. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मरण पावलेल्या तरुणाच्या आईने औरंगाबाद खंडपीठाचं दार ठोठावलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळलं. त्या आईने कुठेही माघार घेतली नव्हती.

नमुना अर्ज

हा मजकूर मोबाइलमध्ये साठवून ठेवा. रिकाम्या जागा भरायला पाच मिनिटं पुरतात.

*प्रति, पोलीस अधीक्षक, जिल्हा ……*
*विषय: माझ्या (नातं) यांना ताब्यात घेतल्याबाबत.*
*माझे (नातं) श्री./श्रीमती ……, वय ……, यांना आज दि. …… रोजी …… वाजता …… येथून …… पोलीस ठाण्याचे कर्मचारी (नाव / वाहन क्रमांक) घेऊन गेले. अटकेची कारणं आम्हाला लेखी मिळालेली नाहीत. नेताना त्यांच्या अंगावर कोणतीही जखम नव्हती. त्यांना अटक केली आहे का, कोणत्या गुन्ह्यात, हे कळवावं. त्यांची वैद्यकीय तपासणी करावी. मुदतीत न्यायालयापुढे हजर करावं. आणि ठाण्यातलं आजचं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं.*
*अर्जदाराचं नाव, सही, मोबाइल, वेळ*

‘जखम नव्हती’ हे वाक्य खरं असेल तर गाळू नका. आधीची जखम असेल तर तीही लिहा. अर्ज अधीक्षकांना ईमेल करा, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि मानवी हक्क आयोगाला पाठवा. छापील प्रत ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. पोच दिली नाही, तर कुणी आणि किती वाजता नाकारली तेवढं त्याच प्रतीच्या पाठीमागे लिहून ठेवा.